झाकणावरचा पूल

मी पत्र्याचा डबा बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, खडखडतोय. पोटात जायफळ होतं तेव्हा माझा आवाज बरा निघायचा. आता खडा आहे, त्यामुळे जरा कर्कश वाटेल. तेवढं सांभाळून घ्या.

माझ्या झाकणावर एक गाव आहे. विलायतेतलं, लहानसं खेडं. आणि ते मी आजवर पाहिलेलं नाही! आपलं तोंड आपल्याला थोडंच दिसतं? ज्या कारखान्यात मला ठोकून, वाकवून डबा केलं तिथं धूर होता, यंत्रं होती, गाव कुठेच नव्हतं. कुणीतरी ते माझ्यावर छापलं, पोटात बिस्किटं भरली आणि मला आगबोटीत चढवलं. माझ्या तोंडावरचं गाव मला पुढे लोकांच्या तोंडून कळत गेलं, तेही थोडं थोडं, आणि दर वेळी वेगळं.

पहिली माझी मालकीण जंगलखात्याच्या गोऱ्या साहेबाची मड्डम. बिस्किटं संपली तरी तिनं मला टाकलं नाही. दुपारी पंख्याखाली बसून झाकणावर बोट फिरवायची आणि उसासे टाकायची. तिच्या बोटावरून मला एवढंच कळलं, की माझ्या गावात एक ओढा आहे, त्यावर दगडी पूल आहे आणि पुलापलीकडे तिला जायचंय.

साहेबाचा खानसामा बिरजू, तो मात्र चित्र बघून हसायचा. "क्या गाँव है! एक आदमी काम नहीं कर रहा," म्हणायचा. देश स्वतंत्र झाला, साहेब आणि मड्डम निघून गेले, आणि बिरजू मला घेऊन नागभीडला येऊन राहिला. माझ्या पोटात त्यानं चहाची पत्ती भरली. आगगाडीच्या रुळांजवळ त्याची खोली होती. शेजारी रेल्वेतला एक पॉइंट्समन राहायचा. त्याची मुलगी कुंता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, मुलगी झाली, आणि बिरजूनं मला झटकून, पुसून तिच्या उशाशी आणून ठेवलं.

"बिटिया की घुट्टी का सामान रखना इसमें," तो म्हणाला. "ढक्कन अच्छा बैठता है. चींटी नहीं जाती."

अशी माझ्या पोटात बाळघुटी आली. जायफळ, मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, बाळहिरडा. मला हलवलं की जायफळ या कडेपासून त्या कडेपर्यंत गडगडत जायचं आणि रडणारी कमळी गप्प व्हायची. कमळा तिचं नाव. मोठ्या नावाची सवय व्हायच्या आधीच तिची कमळी झाली होती.

आता कुंताबद्दल सांगायला हवं. ती मराठी सातवी पास. शाळेत आरोग्याचा धडा होता, त्यात माश्या, डास, गढूळ पाणी, सगळं होतं. इतर मुलींनी तो धडा परीक्षेपुरता वाचला. कुंताच्या तो अंगात मुरला. शिकल्यानं तिची भीती कमी व्हायची सोडून भीतीला नावं तेवढी मिळाली. कमळी शिंकली की ती मला उघडायची. कमळी शिंकली नाही तरी उघडायची, कारण मग का शिंकली नाही असं तिला वाटायचं. आणि झाकण लावताना स्वतःलाच म्हणायची, "येडी होशील कुंता एक दिवस."

तिचा नवरा घनश्याम जंगलखात्यात नाकेदार. पोंभुर्ण्याच्या पलीकडे आंबेटोला नावाचं गाव आहे, तिथं त्याचं नाक्याचं घर. आम्ही तिथं गेलो. आंबेटोला म्हणजे एक तळं, तळ्याखाली धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, मग एक नाला, आणि नाल्यापलीकडे मोहाची झाडं. त्यांच्या मागं सागाचं जंगल, ते कुठे संपतं ते मला कुणी सांगितलं नाही. घनश्याम गस्तीवर गेला की दोन-तीन दिवस परतायचा नाही. घरात कुंता, तिची सासू गुणाबाई, कमळी आणि फळीवर मी.

पहिल्याच आठवड्यात कुंतानं माझ्या झाकणावरचं गाव नीट पाहिलं. मड्डमनं त्यात माहेर पाहिलं होतं. हिनं काय पाहिलं?

"अहो आत्याबाई, हे पाहा," ती सासूला म्हणाली. "घराच्या दाराशी ओढा. त्याले कठडा नाई, कुंपण नाई. अन् इथी हे लेकरू एकटंच उभं आहे. त्याची माय कुठी गेली?"

गुणाबाईनं चित्र हातभर लांब धरून बघितलं. "आत भाकरी करून राह्यली असंल."

"अन् लेकरू पडलं म्हणजे?"

"अवं, चित्रातलं लेकरू कुठी पडते बाई!" गुणाबाई हसून हसून खोकायला लागली. "देवा, ह्या पोरीले चित्रातल्या पोराचाई घोर!"

मला मात्र तेव्हापासून त्या मुलाची काळजी लागली. माझ्याच तोंडावर उभा आहे, आणि मला दिसतही नाही.

कमळी बोलू लागली तशी कुंता तिला मांडीवर घेऊन झाकण दाखवू लागली. हे घर, ही बदकं, हे देऊळ. त्याचा कळस असा टोकदार का, हे तिला सांगता यायचं नाही, मग ती पटकन पुढं सरकायची. आणि एके दिवशी म्हणाली, "हे मामाचं गाव."

का म्हणाली? नागभीडमध्ये ना दगडी पूल, ना बदकं. तिथं रूळ, कोळशाचा धूर आणि शंटिंगची शिट्टी. पण कुंताला तिच्या भावाची, नथ्थूची आठवण आली असेल आणि हाताशी दुसरं गाव नसेल. लेकराला सांगायला गाव लागतंच ना. मी गप्प राहिलो. माझ्यासारख्यानं बोलून ऐकणार कोण?

"कसं जायचं मामाच्या गावाले?" कमळी विचारायची.

"हा पूल आहे ना, ह्याच्यावरून. पाण्याच्या पल्याड गेलं की मामा."

कमळीचं बोट पुलावरून जायचं. रोज जायचं. त्या जागी माझा रंग आधी फिका झाला.

आता ढोल्याची गोष्ट. ढोला म्हणजे धान साठवायची बांबूची मोठी कणगी, शेणानं सारवलेली. पाऊस संपता संपता एका दुपारी कमळी दिसेना. कुंतानं दोन हाका मारल्या आणि तिसरी हाक मारायच्या आधीच अंगणातून धावत सुटली. सगळा गाव गोळा केला. लटारू नावाचा एक ढिवर आहे, तळ्यात मासे धरतो. तो दोर बांधून विहिरीत उतरला. बाया बांध्यांमधून ओरडत गेल्या. आणि कमळी होती ढोल्यामागं. गार सारवणाला गाल लावून झोपलेली, आणि मी तिच्या पोटाशी.

झालं! आंबेटोल्याला हसायला विषय मिळाला. कुणाची शेळी सापडली नाही, तरी "ढोल्यामागं पाह्यलं का गा?" कुणाचा नवरा बाजारातून उशिरा आला, तरी "ढोल्यामागं असंल." शेजारची भागीरथा तर कुंताला बघितलं की तोंडाला पदर लावायची. लटारू विहिरीतून निथळत वर आला होता, त्यालाच हसायचा खरा हक्क होता, आणि तो तो हक्क सोडत नव्हता.

"बाई," तो म्हणायचा, "पुढच्या टायमाले मले आधी सांगजा. गरम पाण्यानं आंघोळ करतो अन् मंगच विहिरीत उतरतो."

कुंता हसायची. सगळ्यांबरोबर हसायची. घरी आली की मला उघडून जायफळ हातात घेऊन बसायची. तिनं मनाशी ठरवलं, आता ओरडायचं नाही. आपल्याला उगीच भास होतात. आपलं मन आहेच तसं.

मला तेव्हा फार भीती वाटली. घाबरणारी बाई घाबरायचं लपवू लागली, तर घरातलं कुत्रंच भुंकायचं थांबल्यासारखं झालं ना!

मग चैत आला. आमच्याकडे चैतात मोह गळतो. पहाटेपासून फुलं टपटप पडतात आणि बाया टोपल्या घेऊन नाल्यापलीकडे जातात. आधी झाडाखालचा पाचोळा पेटवून जमीन मोकळी करून ठेवायची, म्हणजे काळ्या जमिनीवर पांढरट फुलं दिसतात. ऊन चढायच्या आत वेचून घरी. ऊन चढल्यावर तिथं माणूस थांबत नाही, कारण मोहाची फुलं एकट्या माणसालाच गोड लागत नाहीत. अस्वलालाही लागतात.

त्याच दिवसांत नथ्थूचा सांगावा आला. कुंताच्या चुलतबहिणीचं लग्न होतं, आणि तो बहिणीला अन् भाचीला न्यायला येणार होता. नागभीडहून मूल गावापर्यंत आगगाडी आणि तिथून रेंगी, म्हणजे दोन बैलांची हलकी छपराची गाडी. उन्हाळ्यात आमच्या भागात हे चालूच असतं. कुणाचा ना कुणाचा भाऊ येतो, रेंगी झाडाखाली उभी राहते, बहीण डोळे पुसत आणि हसत बसते, आणि पोरं आधीच धावत पुढं गेलेली असतात. वाटेत जो भेटेल तो विचारतो, "कुठी?" आणि पोरं सांगतात, "मामाच्या गावाले!" मग ऐकणाराही खूश होतो.

"मामा येणार, मामा येणार," असं घरात चार दिवस चाललं होतं. यायच्या दिवशी सकाळी कुंता पेटी भरत होती. घनश्याम गस्तीवर. गुणाबाई मोह वेचून आली होती आणि अंगणात फुलं वाळत घालत होती. कमळीनं पाटावर पाट ठेवला, फळीवरून मला काढलं आणि बगलेत मारलं. मी खडखडलो. पण मी तर दिवसभर खडखडतच असायचो.

आम्ही मागच्या दारानं निघालो.

पहिली भेटली भागीरथा. डोक्यावर टोपली.

"कुठी चालली वं कमळे?"

"मामाच्या गावाले."

"आला का मामा? जा, जा माय. मामीले सांगजो, भागीरथा मावशीले पापड धाडजा म्हणून."

तिला वाटलं कुंता मागून येतेय. कुणालाही तेच वाटलं असतं. तीन वर्षांचं पोर नवा झगा घालून, बगलेत डबा घेऊन, मामाच्या गावाला चाललं आहे, आणि चैत आहे. ह्यात विचारायचं काय?

मला त्या वेळी ओरडता आलं असतं, तर मी आयुष्यभर मुका राहायला तयार होतो.

नाल्याशी लटारू जाळं दुरुस्त करत बसला होता. नाल्यात गुडघाभर पाणी, मधे मधे दगड. पलीकडच्या काठावर मोहाखाली एक रेंगी उभी होती. कुणातरी परगावच्या माणसाची होती ती, बैलांना पाणी दाखवायला थांबलेली. पण लटारूनं रेंगी पाहिली, कमळी पाहिली, आणि त्याचा हिशोब एका क्षणात जुळला.

"मामाच्या गावाले ना?" तो म्हणाला. "मंग चाल, तुले पल्याड नेतो."

त्यानं कमळीला खांद्यावर घेतलं, मला कमळीनं त्याच्या डोक्याशी धरलं, आणि आम्ही पाणी ओलांडलं. पलीकडे उतरवून तो म्हणाला, "ते पाहा मामाची रेंगी. पळ!" आणि अर्धवट राहिलेल्या जाळ्याकडे परत फिरला.

पाण्याच्या पल्याड गेलं की मामा, असं कुंतानंच सांगितलं होतं. पल्याड तर आम्ही आलो होतो.

कमळी पळाली. पण रेंगी हलली होती. चाकांचा आवाज आणि धूळ तेवढी मागं राहिली. कमळी चाकोरीतून चालत गेली, "मामा, मामा" करत. रडली नाही. थोडं पुढं गेल्यावर मोहाची झाडं लागली, एकेका झाडाखाली जळका काळा गोल. बाया गेल्या होत्या. चुकून राहिलेली फुलं होती, ती कमळी वेचून खाऊ लागली. मग दमली आणि एका झाडाखाली बसली. मला मांडीवर घेतलं, पुलावर बोट ठेवलं, आणि नेहमीप्रमाणे पलीकडे नेलं.

घरी काय चाललं होतं ते मला पुढे कळलं, कारण त्यानंतर कितीतरी दिवस त्या घरात दुसरं बोलणंच नव्हतं.

कुंताला वाटलं, कमळी आजीजवळ आहे. गुणाबाईला वाटलं, आईजवळ आहे. कुंता बाहेर आली तेव्हा आजी एकटीच दिसली. पण कुंता ओरडली नाही. आधी आत जाऊन ढोल्यामागं बघितलं. नव्हती. विहिरीशी जाऊन वाकून बघितलं. पाणी स्तब्ध होतं. परत येऊन पुन्हा ढोल्यामागं बघितलं. असं कुणी दोनदा बघतं का? पण तिला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नव्हता. डोळ्यांचं ऐकलं, तर ओरडावं लागणार होतं.

तेवढ्यात भागीरथा दुसरी खेप घेऊन दारावरून गेली. कुंताचा चेहरा बघून म्हणाली, "काय वो बाई? ढोल्यामागं पाह्यलं का?"

आणि कुंता हसली. हे तिनं स्वतः सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. "मी हसली वो. माझं लेकरू जंगलात, अन् मी तिच्यासंगं हसली."

भागीरथा निघून गेली. ती दोन शब्द जास्त बोलली असती तर सगळं तिथंच कळलं असतं. पण "मामा आला का" असं ती कशाला विचारील? तिला ते माहीतच होतं!

कुंता घरात येऊन उंबऱ्यावर बसली. मनाला समजावू लागली, की येईल, इथेच कुठे असेल, सगळ्या जगाची पोरं खेळतात आणि येतात, तुझंच काय निराळं? एवढं म्हणून तिनं सवयीनं फळीकडे हात केला. जायफळ हातात घेतलं की तिला बरं वाटायचं.

फळी रिकामी होती.

डबा नाही म्हणजे कमळीनं नेला. डबा घेऊन ती जाणार कुठे? झाकणावर एकच गाव, आणि त्या गावाचा रस्ता तिला आईनंच शिकवलेला.

मग मात्र कुंतानं कुणाचा विचार केला नाही. पदर खोचला आणि अनवाणी धावत सुटली. "कमळीऽऽ" अशी हाक तिनं दिली, ती तळ्याच्या पाळीवर बसलेल्या माणसांनी ऐकली. कुणीतरी हसलंही म्हणे. पण नाल्यावर लटारू होता, आणि तो खुशीत होता.

"काय बाई, मागं राह्यल्या?" तो म्हणाला. "पोट्टी कवाचीच गेली. मीच पार करून देल्लो. मामाची रेंगी उभी होती ना तिथी."

"मामा?" कुंता म्हणाली. "भाऊ, मामा आला नाई."

"रेंगी होती ना वो बाई."

"नथ्थू आला नाई लटारूभाऊ. घरी कोणीच आलं नाई."

लटारूच्या हातातलं जाळं पाण्यात गेलं. त्यानं ते उचललं नाही. कुंतानं त्याच्याकडे बघितलंही नाही, ती सरळ पाण्यात उतरली. दगडावरून पाय घसरला, पडली, उठली. मागून लटारू गावाकडे तोंड करून ओरडत होता, "धावा रे! लेकरू गेलं! धावा!" आणि ह्या वेळी आवाज लटारूचा होता म्हणून सगळे धावले.

आता माझ्याकडे या. मोहाखाली.

आधी मला आवाज आला. फुलं चोखून खाल्ल्याचा, आणि मधे मधे जोरानं हवा फुंकल्याचा. कमळीनं मान वळवली. जळक्या गोलाच्या पलीकडच्या कडेला काहीतरी काळं, केसाळ होतं. मान खाली घालून खात होतं. आमच्या नाक्याच्या अंगणाएवढंही अंतर नसेल.

"भू भू," कमळी म्हणाली. तिला ते कुत्रं वाटलं.

त्यानं मान वर केली.

माझं अंग पत्र्याचं, मी गार पडलो म्हणून कुणाला काय कळणार? कमळीला शेळ्या, कुत्री, कोंबड्या सगळ्यांना बोलावायची एकच रीत माहीत होती. तिनं मला दोन्ही हातांनी उचललं आणि खडखड वाजवलं. "ये," म्हणाली. "ये, ये."

ते मागच्या पायांवर उभं राहिलं. छातीवरचा पांढरा पट्टा मला दिसला. कमळी आणखी जोरात वाजवू लागली. जायफळ या कडेवरून त्या कडेवर आपटत होतं, आणि मी, ज्याचं बोलणं जन्मभर कुणी ऐकलं नव्हतं, मी जिवाच्या आकांतानं बोलत होतो. कुणाशी, ते मलाच माहीत नाही. त्याला जा म्हणत होतो, की कुंताला ये म्हणत होतो?

आणि झाडांमधून हाक आली. "कमळेऽऽ! वाजव माय! वाजव!"

नाल्याच्या वरच्या अंगाला तिला माझा आवाज लागला होता. जंगलात किती आवाज! पाखरं, पाचोळा, मागून येणारी माणसं. त्यातून एका जायफळाचा आवाज तिनं ओळखला. दिवसातून वीस वेळा जी बाई मला उगीच उघडायची, तिला तो आवाज कळणारच.

काळं ते खाली चार पायांवर आलं, एकदा फुंकलं, आणि झुडपात शिरलं. माझ्या आवाजानं गेलं की तिच्या, की पोट भरलं म्हणून, मी छातीठोक सांगू शकत नाही. माझं आपलं असंच असतं.

कुंता आली आणि जमिनीवरच बसली. कमळीला छातीशी धरलं. ओली, गुडघे फुटलेले.

"माय," कमळी म्हणाली, "मामा नाई भेटला. भू भू भेटला."

"हो का माय," कुंता म्हणाली. कुत्रं असेल, असंच तिला वाटलं. आजही वाटतं. लटारू आणि माणसं पोचली तेव्हा झुडूप हलायचंही थांबलं होतं. तो पांढरा पट्टा फक्त मला ठाऊक आहे. मला बोलता येत नाही ह्याचं मला कधी बरं वाटलं असेल तर ते ह्याच एका गोष्टीसाठी. तिला हे कळलं, तर ती पुन्हा झोपणार नाही.

गावात परतल्यावर ढोल्याचं नाव कुणी काढलं नाही. भागीरथा दारात येऊन उभी राहिली. पदर तोंडाला होता, पण ह्या वेळी हसण्यासाठी नव्हता. लटारू अंगणाच्या कडेला उकिडवा बसला होता.

"मीच माझ्या हातानं पल्याड ठेवलो वो बाई," तो म्हणाला.

"तुम्ही कायले भाऊ," कुंता म्हणाली. "रस्ता मीच शिकवला."

नथ्थू संध्याकाळी पोचला. आगगाडी लेट, मग बैल लंगडला. रेंगीतून उतरतो तर सगळा गाव त्याच्याकडे टक लावून बघतोय. "काय झालं? मी चुकीच्या गावाले आलो का?" त्यानं विचारलं, आणि गुणाबाईला एकदम रडू फुटलं.

गुणाबाईचं म्हणणं होतं की मला तळ्यात फेकावं. "विलायतेचं भूत हाय त्याच्यावर," ती म्हणाली. मी फळीवर ऐकत होतो. पण दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी कुंतानं मला खाली घेतलं. धानाच्या तणसाचा बोळा केला, राख घेतली, विटेचा चुरा घेतला आणि झाकण घासायला बसली. मला वाटलं, गेलं माझं गाव. न बघताच गेलं.

तिनं फक्त पूल घासला. बाकी काही नाही. घर, बदकं, देऊळ, दाराशी उभं लेकरू, सगळं राहू दिलं. पूल होता तिथं चकचकीत पत्रा तेवढा राहिला.

कमळीनं येऊन बोट ठेवलं. "पूल कुठी गेला?"

"पुरात वाहून गेला."

"मंग मामाच्या गावाले कसं जायचं?"

लेकराला जवाब द्यावाच लागतो. "मामा येते ना न्यायले. मामा आल्यावरच जायचं. एकटं नाई."

कमळीनं विचार केला. मग ती तळ्याकडे वळून बघू लागली. तिथं लटारूचा डोंगा बांधलेला होता, लाकूड कोरून केलेला. "डोंग्यात बसून जाता येते," ती म्हणाली.

कुंतानं डोळे मिटले. आणि मग ती हसली, एकटीच, पोट धरून. लोकांबरोबर हसायची तसं ते हसू नव्हतं.

त्याला आता काही वर्षं झाली. कमळी शाळेत जाते, नाल्यापलीकडच्या वाटेनं दुसऱ्या गावी, भागीरथाच्या पोरींबरोबर. धाकटा भाऊ झाला, त्याचीही घुटी माझ्यातूनच झाली. मग माझा तळ गंजला आणि भोक पडलं. घुटी काचेच्या बरणीत गेली. मला गुणाबाईनं दोरीनं बांधून घरामागच्या वाडीतल्या वांग्यांवर टांगलं आहे, आत खडा टाकून, माकडं पळवायला. माकडं पळत नाहीत. पण मी वाजतो.

आंबेटोल्यात आता एक रीत पडली आहे. एकटं पोर दिसलं, की लटारू आधी "कुठी?" असं विचारत नाही. "मायले सांगून आला का?" असं विचारतो. पोरं चिडतात, वाकुल्या दाखवतात. तरी तो विचारतो. आणि कुंता अजूनही घाबरते, उगीच घाबरते, दहादा घाबरते. तिनं हाक दिली की माणसं आधी येतात आणि हसायचंच असेल तर नंतर हसतात. माझं एवढंच मागणं आहे तुमच्याजवळ. तुमच्या गावातही अशी एखादी बाई असेल. तिला हसू नका असं मी म्हणत नाही, पण आधी या.

पोरांनो, तुम्हालाही एक सांगतो. जिथं जायचं तिथं जा, डोंग्यानं जा नाहीतर पुलानं. सांगून जा. कमळी आता फाटकाशी थांबते, दप्तर सावरते आणि ओरडते, "येतो वं माय!" तोवर कुंताचा हात भाकरीवर थांबलेला असतो.

वारा सुटला की मी वांग्यांवर खडखडतो, आणि ती चुलीपुढून दचकून मान वर करते. मला फार वाईट वाटतं. जायफळाचा आवाज आणि खड्याचा आवाज वेगळा असतो, हे तिला कळतं. तरी ती दारात येते, फाटकापलीकडे बघते, माझ्याकडे बघते आणि आत जाते. कुणीतरी माझी ही दोरी जरा आखूड बांधा, म्हणजे उगीच वाजणार नाही. पण अगदी मुका करू नका. काय सांगावं, पुन्हा कधी खरंच वाजावं लागलं तर?

माझ्या तोंडावरचं गाव उन्हानं उडत चाललं आहे. परवा कमळी धाकट्याला दाखवत होती, तेव्हा कळलं की घर गेलं, बदकं गेली, देवळाचं टोक तेवढं उरलं आहे. आणि ते लेकरू?

"हे काय, आहे ना," कमळी म्हणाली. "दाराशीच उभं आहे."

बरं झालं. घर नसलं तरी दाराशी आहे. कुठे गेलं नाही.

मी तरी कुठे जाणार आता? पण सांगून जावं, म्हणून सांगतो. येतो.